गाळल्यानंतरचं पाणी

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलं. सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या या नियोजित शहराचं कागदावरचं नाव कर्नाळा-साई-चिरनेर. वर्तमानपत्रांत ते ‘तिसरी मुंबई’ असतं. मुंबईकर मंडळी चिरनेर आणि चिर्ले यांची हमखास गल्लत करतात, म्हणून सांगून ठेवतो: अटल सेतू उतरतो ते चिर्ले, चिरनेर तिथून आत, डोंगराच्या पायथ्याशी. उरण हा पनवेल तालुक्याचा भाग असताना, २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. जमीन आणि जंगल यांवर कुणी हात टाकला तर या पट्ट्यातले लोक गप्प बसत नाहीत. नव्या शहराच्या प्रस्तावावरही हरकतींचा पाऊस पडला.

हरकती जमिनीच्या आहेत आणि त्या रास्त आहेत. पण हे शहर उभं राहिलंच, तर त्याच्या पोटात शेकडो किलोमीटर पाइप पुरावे लागतील, आणि ते एकदा पुरले की पुढच्या दोन पिढ्या त्याच पाइपांतून पाणी पितील. या प्रकरणाचा विषय तो आहे. पाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडतं तेव्हा स्वच्छ असतं आणि नळातून पडतं तेव्हा कधीकधी नसतं. मधल्या वाटेत त्याचं काय होतं?

चिरनेरच्या आसपासच्या पाण्याची मूळ प्रत वाईट नाही. जवळच्याच डोंगरांत एमआयडीसीचं रानसई धरण आहे. उरण शहर, तिथले मोठे प्रकल्प आणि बरीच गावं त्यावर जगतात. उन्हाळ्यात ते खाली गेलं की सिडकोच्या हेटवणे धरणाच्या पाण्याची मदत घ्यावी लागते. हेटवणे पेण तालुक्यात, भोगावती नदीवर. ही धरणं पावसाच्या पाण्याची. त्यात क्षार अगदी कमी. उलट जूनच्या पहिल्या सरींबरोबर गाळ भरपूर आणि जंगलातला कुजलेला पाला भरपूर. असं पाणी शुद्ध करण्याची रीत शंभर वर्षं जुनी आहे. तुरटीने गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरांतून पाणी गाळायचं, शेवटी क्लोरीन द्यायचा. मुंबईचं भांडुप संकुल याच रीतीने रोज जवळपास दोनशे कोटी लिटर पाणी शुद्ध करतं.

अलीकडे मात्र नव्या योजनेच्या सादरीकरणात वाळूच्या जागी मेम्ब्रेन दिसलं नाही तर योजना मागासलेली वाटते. मेम्ब्रेन म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ पापुद्रा. अल्ट्राफिल्ट्रेशन नावाच्या जातीत छिद्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही, म्हणजे मायक्रॉनच्याही, दहाव्या ते शंभराव्या हिश्शाएवढं असतं. आतड्यातला ई-कोलाय जिवाणू लांबीला साधारण दोन मायक्रॉन, म्हणजे या छिद्राच्या वीस ते दोनशे पट. तो आरपार जाऊच शकत नाही. वाळूच्या गाळणीत शंभरातले किती जिवाणू अडकले याचा हिशेब करावा लागतो. मेम्ब्रेन धड असेल तर हिशेब जवळपास संपतो. न्हावा-शेव्यासमोर पाण्यापलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पॉलिसल्फोनचं असं मेम्ब्रेन कँडलवर चढवून घरगुती फिल्टर बनवला. तो वीज न लावता, नळाच्या दाबावर चालतो, आणि त्याचं तंत्रज्ञान अनेक लहान उद्योगांना देण्यात आलं. आपल्याकडच्या उपयुक्त शोधांमध्ये मी तो बराच वर धरतो, जाहिराती नसल्यामुळे तो फारसा कुणाला माहीत नसला तरी.

गंमत अशी, की मेम्ब्रेन पाण्याच्या धंद्यात आधी आलं ते परीक्षक म्हणून. शुद्धीकरणाचं काम त्याच्याकडे नंतर आलं. रिचर्ड झिगमोंडी या रसायनशास्त्रज्ञाने जर्मनीत गटिंगेन इथे १९१८ च्या सुमारास सेल्युलोजचे असे पापुद्रे तयार केले. १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं ते कलिल द्रावणांवरच्या कामासाठी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीने जर्मन शहरांच्या जलवाहिन्या फुटल्या, आणि पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे चटकन कळणं निकडीचं झालं. जुन्या परीक्षानळ्यांच्या पद्धतीला दोन ते चार दिवस लागत. पापुद्र्याने काम सोपं केलं. शंभर मिलिलिटर पाणी त्यातून ओढायचं, पापुद्रा पोषक माध्यमावर ठेवायचा, ३५ अंशांना एक रात्र उबवायचं. सकाळी जिथे जिथे एक जिवाणू अडकला होता तिथे डोळ्यांना दिसेल असा ठिपका उगवलेला असतो. ठिपके मोजायचे. युद्धानंतर कॅलिफोर्नियातले अलेक्झांडर गोएट्झ जर्मनीत जाऊन ही विद्या अमेरिकेत घेऊन आले आणि १९५४ मध्ये तिच्यावर मिलिपोर नावाची कंपनी उभी राहिली. आजही ४७ मिलिमीटर व्यासाचा, ०.४५ मायक्रॉन छिद्राचा गोल पापुद्रा पाण्याच्या प्रयोगशाळांत रोज वापरला जातो. आपल्या आयएस १०५०० या मानकाची अपेक्षा सरळ आहे: शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलायचा एकही ठिपका नको.

मात्र त्या पोषक माध्यमावर उगवतात ते पोटात राहणारे, खाण्यापिण्याची चंगळ असलेले जिवाणू. पाइपमध्ये राहणारे वेगळे. ते अर्धपोटी जगायला सरावलेले असतात; भरल्या ताटावर ठेवले तर उगवतच नाहीत. १९८५ मध्ये रीझनर आणि गेल्डराइख या अमेरिकी संशोधकांनी मुद्दाम कमी पोषणाचं आर-टू-ए नावाचं माध्यम बनवलं, कमी तापमानावर पाच-सात दिवस वाट पाहिली, आणि ‘स्वच्छ’ ठरलेल्या नळाच्या पाण्यातही जिवाणूंची गर्दी दिसू लागली. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. सगळे नसतात. स्यूडोमोनास, एरोमोनास, लीजिओनेला ही मंडळी याच गर्दीत असतात, आणि आजारी, वृद्ध, तान्ह्या माणसांना ती महागात पडू शकतात.

मग मेम्ब्रेनने जर सगळे जिवाणू अडवले, तर ही गर्दी येते कुठून?

चहाच्या गाळणीत पूड अडकते, साखर अडकत नाही. अल्ट्राफिल्ट्रेशनचं नेमकं तसंच आहे. जिवाणू अडकतात, त्यांचं खाणं आरपार जातं. कुजलेल्या पाल्यातून आलेली आम्लं, लहान शर्करा, अमिनो आम्लं यांचे रेणू छिद्रापेक्षा शंभर पट लहान असू शकतात. मेम्ब्रेनमधून बाहेर पडलेलं पाणी म्हणजे खाणारा कुणी नसलेलं वाढलेलं ताट. पुढे टाकीत, जोडात, व्हॉल्व्हमध्ये कुठूनतरी पाच-दहा जिवाणू शिरले की त्यांना स्पर्धकच नसतो. ते शिरतातच. नवा पाइप जमिनीत टाकताना आतून कधीच निर्जंतुक नसतो, आणि काही बारीक जिवाणू तर ०.२ मायक्रॉनच्या पापुद्र्यातूनही सुटतात.

हे खाणं किती, ते मोजण्याची युक्ती १९८२ मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डिक व्हान डेर कूय यांनी काढली. इतकं थोडं रसायन त्या काळच्या यंत्रांना मोजता येत नव्हतं, म्हणून त्यांनी जिवाणूलाच यंत्र केलं. पाण्याचा नमुना उष्णतेने निर्जंतुक करायचा, त्यात पी-१७ या नावाने ओळखला जाणारा स्यूडोमोनासचा वाण सोडायचा, आणि तो वाढून वाढून थांबला की संख्या मोजायची. एक मायक्रोग्रॅम कार्बनवर सुमारे ४० लाख पी-१७ पोसले जातात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम पचण्याजोगा कार्बन असेल, तर त्या लिटरमध्ये ४० कोटी जिवाणूंची सोय आहे, आणि पाणी डोळ्यांना नितळच दिसतं. व्हान डेर कूय यांचा निष्कर्ष असा होता, की हा आकडा १० मायक्रोग्रॅमच्या खाली आणला तर क्लोरीन न घालताही पाणी पाइपमध्ये टिकतं.

नेदरलँड्सने तो निष्कर्ष गांभीर्याने घेतला. त्याआधी १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या जलसेवेतले योहानेस रूक यांनी दाखवलं होतं, की क्लोरीन आणि कुजलेल्या पाल्याचे अंश एकत्र आले की क्लोरोफॉर्मसारखी घातक रसायनं तयार होतात. ॲमस्टरडॅमने १९८३ मध्ये क्लोरीन थांबवला. पुढे सगळ्या देशाने. हे उदाहरण सभांमध्ये सांगितलं की आपल्याकडच्या काही उत्साही मंडळींचे डोळे चमकतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तिथलं पाणी थंड असतं. आणि तिथल्या पाइपांत चोवीस तास दाब असतो. पाइपमधल्या जिवाणूंच्या पुनर्वाढीला साधारण १५ अंशांपासून जोर येतो, असं अमेरिकेतल्या मार्क लशेव्हालिए यांच्या अभ्यासातून पुढे आलं. आपल्या कोकणपट्टीत पाइपमधलं पाणी त्याच्या खाली जवळपास कधी जातच नाही.

आता पाइपच्या आत पाहू. नळाच्या पाण्यातले जिवाणू पोहत असतात ही कल्पना चुकीची आहे. त्यातले बहुसंख्य भिंतीला चिकटलेले असतात. वितरण व्यवस्थेतल्या शंभर जिवाणूंपैकी पंचाण्णव भिंतीवर आणि पाच वाहत्या पाण्यात, असा एक अंदाज अभ्यासक देतात. भिंतीवर ते स्वतःभोवती चिकट लेप तयार करतात. बरेच दिवस न घासलेल्या पिंपाच्या आतून बोट फिरवलं की जी बुळबुळ लागते, ती तीच. लेपाच्या वरच्या थरात क्लोरीन खर्च होतो, खालचे थर सुखरूप राहतात. लोखंडी पाइप असेल तर गंजाच्या गाठी त्यांना आसरा देतात, शिवाय गंज स्वतःच क्लोरीन गिळतो. पाण्याचा वेग अचानक वाढला की लेपाचे तुकडे सुटतात आणि नळातून येतात. सकाळी पाणी सुटलं की पहिलं बादलीभर पाणी धुण्याभांड्याला काढून ठेवायचं आणि मग पिण्याचं भरायचं, ही उरण-पनवेलकडच्या बायकांची सवय शास्त्राला धरून आहे.

ही सवय किती शहाणपणाची, हे हुबळी-धारवाडला मोजून झालेलं आहे. २००८ पासून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. उरलेल्या भागांत ते काही दिवसांआड येत राहिलं. एकच शहर, एकच शुद्धीकरण, वितरणाच्या दोन तऱ्हा. अभ्यासकाला याहून चांगली संधी कुठे मिळणार? बर्कलीच्या एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने घेतले आणि २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. चोवीस तास पाण्याच्या भागात ई-कोलाय सापडलेले नमुने एक टक्क्याच्याही खाली होते. खंडित भागात जवळपास तिसरा हिस्सा. पाणी सुटल्याबरोबरच्या पहिल्या काही मिनिटांत प्रत सर्वांत वाईट असते, हेही त्यांच्या कामातून दिसलं. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो, दाब शून्यावर येतो, आणि शेजारच्या गटाराचं पाणी गळक्या जोडातून आत झिरपतं. त्यात एखाद्याने नळाला टिल्लू पंप लावला की झिरपणं ओढण्यात बदलतं. सगळ्या गल्लीचं पाणी एका पंपाने बिघडू शकतं. दंडाच्या नोटिशी निघतात, पंप चालूच राहतात, कारण शेजाऱ्याने लावला की आपल्याला लावावाच लागतो.

महाराष्ट्रात कराडजवळच्या मलकापूरने छोट्या गावालाही चोवीस तास पाणी परवडतं हे दाखवून दिलं. मीटर बसवले आणि गळती काढली की पाणी जास्त लागत नाही, उलट वाचतं. तरीही बहुतेक शहरं टँकर, टाक्या आणि ठरावीक वेळा यांतच अडकून आहेत.

मेम्ब्रेनवर सगळा भार टाकला की काय होतं, याचं ताजं उदाहरण पुण्याचं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकदम वाढले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला आणि पाण्याची तपासणी सुरू झाली. महापालिकेने खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही तपासलं. हे पाणी लोक विकत घेत होते, नळाच्या पाण्यापेक्षा शुद्ध म्हणून. अनेक ठिकाणी त्यात ई-कोलाय निघाले आणि ते प्रकल्प बंद करण्यात आले. रोग याच पाण्यातून आला, असा याचा अर्थ नाही. पण ज्या पाण्यावर लोक विसंबले होते ते विसंबण्याजोगं नव्हतं, एवढं उघड झालं.

असं का व्हावं? आरओ म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनपेक्षाही घट्ट मेम्ब्रेन. ते क्षारसुद्धा अडवतं. पण त्याचा पापुद्रा पॉलिॲमाइडचा असतो, आणि पॉलिॲमाइडला क्लोरीन मानवत नाही. क्लोरीनने तो फाटतो. म्हणून आरओच्या आधी कोळशाचा फिल्टर लावून पाण्यातला क्लोरीन मुद्दाम काढून टाकतात. महापालिकेने वाटेत टिकावा म्हणून घातलेला पहारेकरी दारातच परत पाठवला जातो. मेम्ब्रेनच्या पुढे निर्मळ, पण निराधार पाणी टाकीत पडतं. टाकी आतून कधी धुतली, जार कसे विसळले, तोटीला कुणाचे हात लागले, यावर पुढचं सगळं ठरतं. घरातल्या आरओच्या आठ-दहा लिटरच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे. गणपतीला चार दिवस गावाला जाऊन आलात, तर ती टाकी आधी रिकामी करा. मुळात रानसई-हेटवण्यासारख्या कमी क्षारांच्या पाण्याला आरओची गरजच नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही मे २०१९ मध्ये विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओ वापरू नये असं म्हटलं होतं. आरओ जेवढं पाणी देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो, हे वेगळंच.

तेव्हा आपल्या हवेत क्लोरीनला पर्याय नाही. गावात हे काम जलसुरक्षक करतो, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीने. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणजे हजार लिटरला तीन ग्रॅम टाकले की लिटरमागे एक मिलिग्रॅम मिळाला. हिशेब सोपा, पण कोकणातल्या पावसात पोतं उघडं राहिलं की पावडर दमट होते, क्लोरीन उडून जातो, आणि तीन ग्रॅम टाकूनही नळाला काही पोचत नाही. पोचलं की नाही ते ओटी टेस्टने कळतं: नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. मानक सांगतं, शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. वर्षातून दोनदा आरोग्य खातं गावाच्या पाण्याची पाहणी करतं आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतं. सलग पाच वर्षं हिरवं मिळालं आणि साथ आली नाही, तर चंदेरी. मला ही कार्डं आवडतात. पाण्यावरचा जाडजूड अहवाल कुणी वाचत नाही. लाल कार्डाचा अर्थ ग्रामसभेत सगळ्यांना कळतो.

क्लोरीन कमी लागावा म्हणून पाण्यातलं जिवाणूंचं खाणंच काढून टाकायचं, हा मार्ग पॅरिसच्या उत्तरेला मेरी-स्यूर-वाझ इथे निवडला गेला. १९९९ पासून तिथे नॅनोफिल्ट्रेशन चालतं. ते अल्ट्राफिल्ट्रेशनपेक्षा घट्ट आणि आरओपेक्षा सैल असल्यामुळे कुजलेल्या पाल्याचे रेणूही बऱ्याच अंशी अडवतं. रोज १४ कोटी लिटर पाणी तीन लाख चौरस मीटरहून जास्त पापुद्र्यातून जातं. पाण्यातलं खाणं घटलं, क्लोरीनची मात्रा उतरली, वासाच्या तक्रारी कमी झाल्या. विजेचं बिल अर्थातच वाढलं. पाल्याचं पाणी असलेल्या कोकणातल्या एखाद्या धरणावर हा प्रयोग तांत्रिकदृष्ट्या शोभेल, पण तुरटीची मात्रा नीट ठरवून त्याच पाल्याचा बराच भाग स्वस्तात खाली बसवता येतो. आधी ते करावं, असं माझं मत आहे.

नव्या शहरासमोरचा खरा पेच दुसराच आहे. आपल्याकडे वितरणाचे पाइप तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येचा अंदाज धरून टाकतात. दहा लाख माणसांसाठी टाकलेल्या पाइपातून पहिली दहा वर्षं एक लाख माणसांपुरतं पाणी वाहिलं, तर जे पाणी एका दिवसात घरी पोचायला हवं ते दहा दिवस पाइपात फिरत राहतं. क्लोरीन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपतो. उरलेले दिवस, ३० अंशांच्या उबेत, भिंतीवरच्या मंडळींचे. अर्ध्या रिकाम्या इमारती, प्रत्येकीखाली भूमिगत टाकी आणि गच्चीवर दुसरी, म्हणजे पाण्याचा मुक्काम आणखी वाढला. यावर इलाज आहेत, आणि त्यांतला एकही चकचकीत नाही. मोठा एक पाइप टाकण्याऐवजी दोन मध्यम टाकावेत आणि दुसरा गरज पडेल तेव्हा सुरू करावा. वाटेतल्या टाक्यांवर क्लोरीनचा दुसरा हप्ता द्यावा. रस्ता जिथे संपतो तिथे पाइपही संपतो आणि पाणी साचतं. तिथे धुऊन काढण्यासाठी व्हॉल्व्ह ठेवावा आणि तो उघडण्याचं काम कुणाच्या तरी पगारात लिहावं.

आणि तपासणीचा नमुना. तो बहुतेकदा जलकुंभाखालच्या नळाचा घेतला जातो, कारण तिथे गाडी जाते. चिरनेरच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या शेवटच्या वाडीतल्या नळावर तो घ्यायला चालत जावं लागतं.